सांडपाण्यातील धन

खेड तालुक्यातील लोटे-परशुराम येथे रसायनांचे अनेक कारखाने आहेत. त्यांचे सांडपाणी प्रक्रिया करून दाभोळच्या खाडीत सोडतात. याच खाडीतील मासळीवर भोई बांधवांची उपजीविका चालते. हे पाणी पुन्हा वापरता आले, तर किती बरे!

मुलांनो, पाण्यात विरघळलेला क्षार गाळण्याने निघत नाही. त्यावर विद्युत्-अपोहन ही युक्ती आहे. क्षाराचे कण धन व ऋण विद्युद्भाराचे असतात. गाळ व तेल आधी काढून पाण्यातून वीज सोडली, की ते परस्परविरुद्ध दिशांना ओढले जातात. वाटेत दोन प्रकारचे पातळ पडदे आलटून पालटून उभे असतात. एक धन कणांसच वाट देतो, दुसरा ऋण कणांस. त्यामुळे एका कप्प्यातील पाणी निर्मळ होते व शेजारच्या कप्प्यात क्षार साचतो. दोन्ही पुन्हा उपयोगी पडतात.

टाकून दिली तर घाण, वेचून घेतले तर धन!