भीमेचे मासे

सोलापूर शहराच्या आग्नेयेस होटगी हे गाव आहे. मुंबईहून चेन्नईकडे जाणाऱ्या लोहमार्गाला येथे गदगचा फाटा फुटतो, म्हणून प्रवाशांना ते ठाऊक असते. गावाजवळ तलाव आहे. हा मुलूख अवर्षणाचा. कडक उन्हाळ्यात येथील तळी आक्रसतात, नद्यांची धार तुटते आणि पात्रात डोह तेवढे उरतात. अशा प्रदेशात मासे ते किती असणार, असे कोणासही वाटेल.

परंतु याच तालुक्यात सीना नदी कुडल येथे भीमेला मिळते, आणि भीमेच्या माशांची शास्त्रीय नोंद फार जुनी आहे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांतील चाळीसहून अधिक जातींच्या माशांची वर्णने लिहिली. ती १८३९ पासून लंडन येथे प्रसिद्ध झाली. नवी नावे देताना त्याने पुष्कळदा येथल्या लोकांच्या बोलीतील शब्दच उचलले. आपल्या शिंगटीचे शास्त्रीय नाव 'मिस्टस सींगटी' असे आहे! परदेशातील पंडितालाही तिचा उल्लेख करताना मराठी शब्द उच्चारावाच लागतो.

दुष्काळी पाण्यात तग धरण्यात मरळ सर्वांत तरबेज. इतर मासे कल्ल्यांनी पाण्यातील प्राणवायू घेतात. मरळीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा घेण्याची पोकळी असते. ती मधूनमधून पृष्ठभागावर येऊन हवा घेते. म्हणूनच आटत आलेल्या गढूळ डबक्यातही ती जगते. मात्र तिला वर येऊ दिले नाही, तर पाण्यात असूनही ती गुदमरून मरते. मरळीची जोडी आपल्या पिलांच्या थव्याची राखण करते.

महाशीर याच्या अगदी उलट. त्याला वाहते, स्वच्छ पाणी हवे. पावसाळ्यात तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि गोट्यांच्या तळावर अंडी घालतो. धरणाची भिंत आडवी आली की ही वाट बंद होते. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या पाण्याने जिल्ह्याची शेती भिजली, हे खरेच. पण माशांच्या वाटेचा विचार त्या काळी फारसा कोणी करीत नसे. महाशिराची पिले कृत्रिम रीतीने वाढवून जलाशयांत सोडण्याचे काम लोणावळ्यास १९७० नंतरच्या दशकात सुरू झाले.

दुसरे संकट परक्या माशांचे. आफ्रिकेतील तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणला गेला. त्याची मादी अंडी व पिले तोंडात सांभाळते, त्यामुळे पिले फारशी दगावत नाहीत. थोड्याच काळात तो सारा तलाव व्यापतो आणि देशी माशांच्या वाट्याचे अन्न खातो.

उन्हाळ्यातील डोह म्हणजे पुढल्या वर्षीचे बियाणेच होय. पूर येताच त्यांतील मासे साऱ्या नदीभर पसरतात. डोहात विष कालवून किंवा सुरुंग उडवून मासे मारले, तर लहानमोठे सर्वच मरतात. या दोन्ही रीतींना १८९७ च्या कायद्यानेच मनाई आहे. जाळ्याचे मात्र तसे नाही. त्याची आसे रुंद असली, तर बोटाएवढी शिंगटी त्यांतून सुटून पुन्हा डोहात जाते.