आईबाबांची मालिश: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

आईचे गुडघे आखडलेत किंवा बाबांना रात्रीची झोप नाही, म्हणून मालिश लावायची ठरली की पहिली चौकशी दराची होते. पुण्यामुंबईकडे घरी येणाऱ्या मावशी किंवा मालिशवाले तासाला साधारण 400 ते 700 रुपये घेतात, तालुक्याच्या गावी 250-300 रुपयांतही काम होतं. आयुर्वेदिक दवाखान्यात अभ्यंग आणि वाफ मिळून 800 ते 1,500 रुपये पडतात, स्पामध्ये त्याच्या दुप्पट. फिजिओथेरपिस्टची घरभेट 500 ते 1,000 रुपयांची, पण त्यात मुख्य भाग व्यायामाचा असतो.

झिजलेला गुडघा मालिशने भरून येत नाही, तसं कुणी सांगत असेल तर त्याला पैसे देऊ नका. दुखणं काही काळ हलकं होतं, आखडलेले स्नायू सैल पडतात, अनेकांना झोप चांगली लागते. आणि दिवसभर घरात एकट्या असलेल्या माणसाच्या पाठीवरून तासभर कुणाचा तरी हात फिरतो. माझ्या मते हा फायदाही तितकाच मोठा आहे.

किती वेळा करावी? 2012 साली अमेरिकेत गुडघ्यांच्या संधिवाताच्या 125 रुग्णांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठ आठवड्यांच्या त्या प्रयोगात आठवड्यातून एकदा, तासभर मालिश सर्वांत सोयीची ठरली. दोनदा केल्याने खास जास्त गुण आला नाही. म्हणजे 500 रुपये दराने महिन्याचे 2,000. याउलट सात दिवसांचं 1,200 रुपये रोजाचं पॅकेज घेतलंत तर 8,400 एका आठवड्यात संपतात. पॅकेजचे पैसे आगाऊ तर भरूच नयेत. म्हाताऱ्या माणसाला मधेच ताप येतो, नको वाटतं, आणि उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळवताना नाकीनऊ येतात. असं अडकलात तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

तेलाच्या नावावर वाढीव बिल लावलं तर हिशेब मांडून बघा. अंगभर मालिशीला 50 मिली तेल पुरतं. लाकडी घाण्याचं तीळतेल 400 रुपये लिटर धरलं, तरी एका वेळचे 20 रुपये होतात. महानारायण तेल हवंच असेल तर दुखऱ्या सांध्यांपुरतं आणा. तेल थेट गॅसवर तापवू नका. वाटी गरम पाण्यात ठेवा आणि आधी आपल्या मनगटावर थेंब टाकून बघा. मधुमेहाने बधिर झालेल्या पावलांना चटका कळत नाही. मालिशीनंतरची आंघोळ आणखी जपून. तेलकट तळव्यांनी न्हाणीघरात पाय घसरला आणि खुबा मोडला, तर त्याचा खर्च लाखांत जातो. पाय आधी पुसून घ्या, मग हाताला धरून न्या. आत रबरी मॅट आणि बसायला स्टूल हवंच. मालिश करणाऱ्याला तिथपर्यंत थांबायला आधीच सांगून ठेवा.

काही वेळा मालिश करायचीच नसते. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागते, दुखते, तर ती चोळू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. लगेच डॉक्टर गाठा. पडल्यानंतर ‘मुरगळलंय, चोळून काढू’ म्हणणाऱ्याला थांबवा, आधी एक्स-रे काढा. ताप, नागीण, उघडी जखम असेल तेव्हाही नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, हाडं ठिसूळ असतील किंवा कॅन्सरचे उपचार सुरू असतील, तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी आणि हात हलकाच हवा.

माणूस ठरवताना प्रमाणपत्र बघाच, पण पहिल्या दिवशी स्वतः शेजारी बसा. गोळ्या कोणत्या चालू आहेत, दुखतं कुठे, हे न विचारता जो थेट पाठ रगडायला घेतो, त्याला दुसऱ्यांदा बोलावू नये. आईला बाईमाणूसच हवं असेल तर ते फोनवरच सांगा. ओळखपत्राची प्रत घ्या.

स्पाचं बिल घ्याल तेव्हा जीएसटी तपासा. 22 सप्टेंबर 2025 पासून अशा सेवांवरचा दर 18 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. आरोग्यविम्यातून किंवा सत्तरीपुढच्यांच्या आयुष्मान कार्डातून घरच्या मालिशीचे पैसे मिळत नाहीत, तेव्हा तो खर्च खिशातलाच धरा.

सुरू करताना कॅलेंडरवर दर आठवड्याला दोन नोंदी करा: दुखणं दहापैकी किती, आणि किती जिने चढता आले. आठ आठवड्यांनी त्यात फरक दिसत नसेल, तर महिन्याचे तेच 2,000 फिजिओथेरपिस्टकडे वळवा.