घरच्या संगणकाची डिस्क-तपासणी
मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेल्या संगणकावर आता पुष्कळांनी ऊसबिले, माती परीक्षणाचे अहवालही ठेवले आहेत. गटात फिरताना तक्रार कानी येते, "साहेब, चालू केला की रोज डिस्क तपासत बसतो."

मधेच वीज गेली की चाललेले काम अर्धवट राहते आणि विंडोज त्या डिस्कवर 'तपासावी' अशी खूण करून ठेवते. तपासणी पुरी होऊ दिली की ती खूण जाते. घाईने बटण दाबून टाळली, तर उद्या पुन्हा तेच. पण पुरी होऊनही रोज तेच होत असेल, तर डिस्क किंवा तिची केबल बिघडत चालली असा संशय घ्यावा.

आम्ही इथेच चुकलो. डिस्क टकटक वाजत होती, तरी 'चेकडिस्क स्लॅश आर' रात्रभर चालू ठेवली. ही आज्ञा खराब जागा हुडकण्यासाठी सगळी डिस्क वाचून काढते; मोडकळीला आलेल्या डिस्कला तो ताण झेपत नाही. सकाळी डिस्क उघडेचना. चार वर्षांच्या प्लॉटवार नोंदी गेल्या. तोडणीआधी बेण्याचा ऊस आपण राखतोच की! तशी आधी कागदपत्रे पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावीत. आवाज येत नसेल तरच पुढे 'स्लॅश एफ'ने सुरुवात करावी. तिला वेळ कमी लागतो. सी ड्राइव्ह वापरात असल्याने पुढच्या वेळी चालू होताना तपासू का, असे विचारील. तेव्हा 'वाय' दाबावे.

नंतर 'फाउंड.०००' नावाचे फोल्डर आढळले तर पुसू नये. ते बहुधा लपलेले असते, आणि हरवलेल्या फाइलींचे तुकडे त्यातच सापडतात.