घाईच्या सकाळचा आहार : केळी-ओट्सची भाजलेली वडी

नोकरीसाठी पहाटे घर सोडणारे, पाळीच्या कामावर जाणारे, शिकवणीहून परस्पर महाविद्यालय गाठणारे असे रुग्ण आपणा सर्वांच्या चिकित्सालयात रोज येतात. सकाळी काय खाता, या प्रश्नाला त्यांच्याकडून पूर्वी 'चहा-बिस्किटे' हे एकच उत्तर मिळत असे. अलीकडे त्यात 'घरी केलेला केळी-ओट्सचा बार' या दुसऱ्या उत्तराची भर पडली आहे. मैद्याच्या बिस्किटांपेक्षा हे उत्तर निश्चितच बरे. परंतु रुग्ण तेवढ्यावर थांबत नाही. 'हे आयुर्वेदाला चालते ना?' असे तो विचारतो, आणि त्या वेळी मोघम होकार किंवा मोघम नकार देऊन आपण मोकळे होतो. काही औषधी दुकानांतून तर अशा वड्या 'आयुर्वेदिक' या विशेषणासह विक्रीसही ठेवलेल्या दिसतात. म्हणून या पदार्थाचा विचार द्रव्य, संस्कार, संयोग आणि मात्रा या अंगांनी करावा, असे आम्हास वाटले. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठ आहारविधिविशेषायतने वाचकांना मुखोद्गत आहेत. त्यांतील येथे महत्त्वाची तेवढीच घेतो.

ओट्स म्हणजे यव नव्हे

प्रथम एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. ओट्स (अव्हेना सटायव्हा) हे धान्य आणि आपले यव, म्हणजे जव किंवा सातू (होर्डियम व्हल्गेर), ही दोन भिन्न द्रव्ये आहेत. हिंदीत ओट्सला 'जई' म्हणतात. या नामसादृश्यामुळे आणि काही वेष्टनांवरील सैल भाषांतरामुळे दोहोंची सरमिसळ होते. व्यवहारात याचा परिणाम मोठा आहे. स्थौल्य आणि प्रमेह यांत आपण यव सांगतो तो त्याच्या रूक्ष आणि लेखन गुणांसाठी. (यव गुरू की अगुरू, याबाबत चरक आणि वाग्भट यांच्या पाठांत भेद आहे, तो वाद येथे नको.) ओट्समध्ये स्नेहांश शेकडा ६ ते ७ असतो, जवात तो शेकडा २ च्या आसपास. ओट्स शिजविले की त्यांना बुळबुळीतपणा येतो, तो त्यांतील बीटा-ग्लुकन या विद्राव्य तंतूमुळे. रस मधुर, स्पर्श स्निग्ध, पाकात पिच्छिल, हे प्रत्यक्ष दिसणारे गुण पाहता हे द्रव्य लेखनाच्या नव्हे, बृंहणाच्या बाजूस झुकते असे अनुमान करावे लागते. संहितांत त्याचे वर्णन नाही, म्हणून अनुमानाचाच आधार. आपण 'यव' लिहून द्यावे आणि रुग्णाने वर्षभर दूध घालून ओट्स खावेत, असे घडत असेल तर अपेक्षित गुण न आल्याचा दोष यवाला देता येणार नाही.

केळ्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. पक्व केळे मधुर, शीत, गुरू, स्निग्ध, विष्टंभी, कफकर. तृष्णा, दाह, क्षत, क्षय आणि वात यांत हितकर, हे भावप्रकाशातील वर्णन सर्वज्ञात आहे. या वडीसाठी सालीवर काळे ठिपके आलेले केळे घेतात. त्यातील बरेचसे पिष्ट शर्करेत रूपांतरित झालेले असते, त्यामुळे वेगळी साखर लागत नाही. जळगावची केळी (२०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली) सर्वत्र मिळतात आणि या कामास उत्तम. मात्र नैसर्गिक रीतीने पिकलेले केळे घ्यावे. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकविण्यास कायद्याने बंदी आहे. तरीही बाहेरून एकसारखे पिवळे आणि आतून कच्चे केळे दिसले तर ते बाजूस ठेवावे. वसईकडील वाचकांना राजेळी केळ्यांपासून उन्हात वाळविलेली सुकेळी ठाऊक असतीलच. प्रवासात शिदोरी म्हणून नेण्याजोगा केळ्याचा पदार्थ आपल्याकडे पूर्वीपासून आहे, तो हाच.

संयोग : दोन द्रव्ये वगळावीत

प्रचलित पाककृतींत दोन द्रव्ये हटकून आढळतात : मध आणि दही. आमच्या मते ही दोन्ही वगळली तरच या वडीची शिफारस वैद्याने करावी.

मधाचा विषय आपल्यापुरता तरी निर्विवाद आहे. तापविलेला मध आणि उष्णाने पीडित व्यक्तीस दिलेला मध चरक व सुश्रुत या दोघांनीही निषिद्ध मानला आहे. वमन आणि निरूह यांतील उष्ण योगांत मध चालतो, कारण तो न पचताच बाहेर पडतो, हा अपवादही ग्रंथांत सांगितला आहे. भाजून पोटात जाणाऱ्या आणि तेथे पचणाऱ्या वडीला हा अपवाद लागू होत नाही. आधुनिक रसायनशास्त्रानुसार मध तापविल्यावर त्यात हायड्रॉक्सीमिथाइलफरफ्युरल हे द्रव्य वाढते. भारतीय अन्नमानकांनुसार मधात ते किलोमागे ८० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. अर्थात हे द्रव्य म्हणजेच संहितोक्त विष, असे समीकरण मांडण्याचा मोह टाळावा. तेवढा पुरावा नाही, आणि त्याची गरजही नाही. औषधनिर्मात्यांना तर एवढेच विचारणे पुरे आहे की, च्यवनप्राशाचा पाक थंड झाल्याशिवाय आपण त्यात मध घालत नाही, मग तोच मध १८० अंशांच्या ओव्हनमध्ये कसा घालावा? त्यातून पुष्कळ पाककृतींत तूप आणि मध 'दोन-दोन चमचे' असे सममात्रेत सांगितलेले असतात. तेथे दोष दुहेरी होतो.

दह्याचेही तसेच. केळे ताकाबरोबर किंवा दह्याबरोबर विरुद्ध होय, असे अष्टांगहृदयाच्या सातव्या अध्यायात स्पष्ट म्हटले आहे. सोडा फुलावा म्हणून पाककृतीत दही येते. परंतु वडी हा फुगविण्याचा पदार्थ नव्हे, तो दाबून बसविण्याचा पदार्थ आहे. सोडा गेला की दह्याचे प्रयोजनही उरत नाही.

राहता राहिला दुधाचा प्रश्न. दुधाशी विरुद्ध फळांच्या यादीत चरकांनी 'मोच' घेतले आहे आणि त्याचा अर्थ सामान्यतः केळे असा केला जातो. महाराष्ट्रात शिकरणीची आवड इतकी जुनी आहे की, हा निषेध सांगताना वैद्याला घरच्यांचाच रोष पत्करावा लागतो! भाजलेल्या केळ्याला तोच निषेध तितक्याच प्रमाणात लागू होतो काय, यावर मतभेद संभवतात. संस्काराने गुणांतर होते हे मान्य करूनही, रोज घ्यावयाच्या पदार्थात शंकास्थान ठेवू नये असे आमचे मत आहे. वडीबरोबर दुधाचा पेला नको. कोमट पाणी किंवा सुंठीचे पाणी घ्यावे.

संस्कार : भाजण्याचे महत्त्व

आम्हास या पदार्थात खरे स्वारस्य वाटते ते येथे. अपूप म्हणजे भाजलेल्या पिष्टपदार्थांविषयी अष्टांगहृदयात एक सूक्ष्म निरीक्षण आहे. धान्य एकच असले तरी कुकूल (तुषाग्नी), कर्पर (खापर), भ्राष्ट्र, कंदू आणि अंगार यांवर भाजलेले अपूप उत्तरोत्तर लघू होतात. म्हणजे द्रव्य न बदलता केवळ अग्निसंस्काराच्या प्रकाराने लघुत्व येते, हे ग्रंथकारांनी क्रमवार नोंदविले आहे. आजचा ओव्हन या क्रमात कंदूच्या जवळ येतो. केळे आणि ओट्स ही दोन्ही गुरू द्रव्ये आहेत. दुधात शिजविलेले ओट्स आणि त्यावर केळ्याच्या चकत्या हा सकाळचा लोकप्रिय नाश्ता मंदाग्नीच्या व्यक्तीस जड जातो. तीच द्रव्ये कोरडी भाजून, तूप-सुंठीसह वडीच्या रूपात अल्प मात्रेत दिल्यास अधिक सुसह्य होतात, ते या संस्कारामुळे. म्हणून ओट्स आधी कढईत मंद आचेवर खमंग भाजून घेण्याची पायरी कोणी गाळू नये. बाजारातील चपटे ओट्स कारखान्यातच वाफवून दाबलेले असतात. तरीही कोरड्या भाजणीने त्यांतील ओलसरपणा जातो आणि वडी चिकट होत नाही.

कृती

बारा वड्यांसाठी प्रमाण असे : चपटे ओट्स २०० ग्रॅम, सोललेली पिकलेली केळी ३०० ग्रॅम (मध्यम आकाराची तीन), बिया काढलेला खजूर ८० ग्रॅम, भरडलेले बदाम ४० ग्रॅम, तीळ ३० ग्रॅम, गाईचे तूप ३० ग्रॅम, सुंठपूड अर्धा चमचा, वेलदोड्याची पूड अर्धा चमचा, सैंधव चिमूटभर. वसईची सुकेळी मिळाल्यास खजुराऐवजी ती बारीक चिरून घालावीत. बदाम परवडत नसतील तर भाजलेले शेंगदाणे चालतील, पण पित्तप्रकृतीस नकोत.

ओट्स आणि तीळ वेगवेगळे भाजून थंड करावेत. केळी कुस्करून त्यात बारीक चिरलेला खजूर, पातळ केलेले तूप, सुंठ, वेलदोडा आणि सैंधव मिसळावे. मग ओट्स, तीळ व बदाम घालून मिश्रण दहा मिनिटे झाकून ठेवावे. २० सेंटिमीटरच्या चौकोनी भांड्याला तूप लावून त्यात मिश्रण वाटीच्या बुडाने घट्ट दाबून बसवावे. ओव्हन आधी तापवून १७० ते १८० अंश सेल्सिअसवर २५ ते ३० मिनिटे, कडा तांबूस होईपर्यंत भाजावे. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात वाळूचा किंवा मिठाचा थर पसरून, त्यावर भांडे ठेवून, झाकण लावून मंद आचेवर पाऊण तासाच्या आत-बाहेर हेच काम होते. वडी पूर्ण निवल्यावरच कापावी. गरम असताना कापल्यास ती चुरते आणि गृहिणी तो दोष पाककृतीला देते.

मात्रा व निषेध

वरील प्रमाणाने एक वडी सुमारे ४५ ते ५० ग्रॅमची होते. तिच्यात अंदाजे १६० किलोकॅलरी, २३ ग्रॅम कर्बोदके आणि साडेतीन ग्रॅमच्या वर प्रथिने येतात. साखर न घालता केलेली म्हणून ती 'शुगर-फ्री' ठरत नाही. कर्बोदकांच्या हिशेबाने ती एका मध्यम पोळीएवढी आहे. मधुमेही रुग्णाने ती नाश्त्यावर अधिक म्हणून नव्हे, नाश्त्याऐवजी, आणि एकच घ्यावी. अति पिकलेल्या केळ्याची तर टाळलेलीच बरी.

कोलेस्टेरॉलसंबंधीचा दावाही तपासून पाहावा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली ओट्सबाबत हृद्रोगविषयक दावा मान्य केला, तो दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात जाण्याच्या अटीवर. चपट्या ओट्समध्ये हा तंतू शेकडा ४ च्या सुमारास असतो. आपल्या एका वडीत ओट्स येतात १६ ते १७ ग्रॅम, म्हणजे बीटा-ग्लुकन पाऊण ग्रॅमपेक्षाही कमी. ३ ग्रॅम गाठण्यासाठी चार-पाच वड्या, म्हणजे सातशेच्या आसपास कॅलरी खाव्या लागतील. हे गणित रुग्णासमोर कागदावर मांडून दाखवावे.

निरोगी, समाग्नी व्यक्तीस एक ते दोन वड्या पुरेत. गुरू द्रव्य अर्धतृप्तीपर्यंतच घ्यावे हा नियम येथेही पाळावा. रात्रीचे जेवण पचले नसताना, जिभेवर साम लक्षणे असताना ही वडी देऊ नये. तेथे लंघन किंवा पेज हाच उपाय. प्रतिश्याय, कास, तमकश्वास असलेल्या कफप्रधान रुग्णांनी, आणि सामान्यतः सर्वांनीच वसंतात, ती वर्ज्य करावी. हेमंत-शिशिरात ती सर्वाधिक योग्य. वृक्कविकाराच्या ज्या रुग्णांना पोटॅशियम मर्यादित ठेवण्यास सांगितले आहे, त्यांना केळे, खजूर व सुकामेवा एकत्र असलेला हा पदार्थ देऊ नये. एका वडीत ते २०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक येते. गव्हाच्या ग्लुटेनची असह्यता असलेल्यांसाठीही सामान्य ओट्स सुरक्षित समजू नयेत, कारण दळणात व साठवणीत गव्हाची भेसळ सहज होते.

आणखी एक. चालत्या गाडीत, फोनवर बोलत खाल्लेली वडी कितीही शास्त्रोक्त असली तरी उपयोगसंस्थेचे नियम मोडते. पाच मिनिटे बसून खा, एवढे सांगण्यास वैद्याने संकोच करू नये.

विक्रेत्यांसाठी

औषधी दुकानदारांनी ही वडी करवून विकण्यास आमची हरकत नाही. हरकत आहे ती वेष्टनावरील शब्दांना. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२२ च्या 'आयुर्वेद आहार' विनियमांनुसार, त्या परिशिष्टातील अधिकृत ग्रंथांत वर्णिलेल्या कृती, घटक वा प्रक्रिया यांस धरून केलेला पदार्थच त्या नावास पात्र ठरतो. ओट्स ग्रंथोक्त नाहीत. तेव्हा ही वडी अन्न परवान्याखाली साधा खाद्यपदार्थ म्हणूनच विकावी. अश्वगंधा, शतावरी यांची चूर्णे घालून 'बलवर्धक' मजकूर छापला की आपण अन्न आणि औषध यांच्या सीमेवर येतो, आणि तेथे केवळ अन्न परवाना पुरेलच असे नाही. फसव्या जाहिरातीस अन्न सुरक्षा कायदा, २००६ च्या ५३ व्या कलमान्वये दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडाहून मोठी हानी अशी की, त्याच फळीवर ठेवलेल्या अस्सल औषधांवरचा ग्राहकाचा विश्वास डळमळतो.

टिकाऊपणाविषयी ढिलाई नको. केळ्याचा तीन-चतुर्थांश भाग पाणी असतो आणि भाजल्यावरही वडीत ओलावा राहतो. बाहेर दोन दिवस, कोकणात व पावसाळ्यात एकच दिवस, आणि शीतकपाटात बंद डब्यात पाच-सहा दिवस अशी मर्यादा धरावी. बुरशीचा एक ठिपका दिसला तरी तेवढा भाग काढून बाकी विकण्याचा विचार करू नये, सर्व घाणा टाकून द्यावा. वेष्टनावर घटकद्रव्ये, तयार केल्याचा दिनांक आणि 'यात बदाम व तीळ आहेत' ही सूचना ठळक मराठीत छापावी. तिळाची किंवा सुकामेव्याची ॲलर्जी असलेले ग्राहक आता आपल्याकडेही येतात.