वैमानिकाचा रेडिओ आणि बदलते नियम

आमच्या आबांच्या ट्रंकेत रेडिओच्या लायसनचे एक जुने पुस्तक आहे. त्या काळी घरात नुसता रेडिओ ऐकायचा तरी दरवर्षी पोस्टात पैसे भरावे लागत. १९८० च्या दशकात हे लायसन रद्द झाले. ते पुस्तक चाळताना मनात आले, ऐकणाऱ्याला एवढे नियम, तर रेडिओवर बोलणाऱ्याला किती असतील? असा बोलणारा म्हणजे वैमानिक. कंपनीच्या पगारावरचा नव्हे, तर बेताच्या पैशात छोटे विमान चालवणारा वैमानिक येथे अभिप्रेत आहे.

विमान व विमानतळ यांचे बोलणे सुमारे ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. रानात वाफे पाडतात तसे या पट्ट्याचे २५ किलोहर्ट्झचे वाफे पाडले की ७६० वाहिन्या होतात. युरोपात विमानांची गर्दी वाढली, तेव्हा एका वाफ्याचे तीन केले, प्रत्येक ८.३३ किलोहर्ट्झचा. १९९९ पासून उंचावरच्या विमानांना आणि १ जानेवारी २०१८ पासून, काही सवलती सोडल्यास, खालच्या आकाशातही हा नियम लागू झाला. जुना रेडिओ बिघडला नव्हता, पण तो नव्या अरुंद वाफ्यात बसेना. विमान कंपनी असा खर्च तिकिटांवर वाटून टाकते. चारपाच जणांनी मिळून घेतलेल्या जुन्या दोन आसनी विमानाने तो कोणावर वाटावा? ब्रिटनमध्ये नव्या संचाच्या किमतीचा पाचवा हिस्सा युरोपीय निधीतून मिळे. बाकीचे चार खिशातून. आबांना हे सांगितले, तर ते म्हणाले, "आरं, पण जुना चालत हुता न्हवं?" चालत होता, हेच तर दुखणे!

आपल्याकडे स्वतःचे विमान असणारा विरळाच. येथे पैशाची ओढाताण होते ती शिकणाऱ्याची. बारामतीला विमान चालवण्याचे शिक्षण मिळते. शेजारच्या सातारा जिल्ह्यात कराडला धावपट्टी आहे. खाजगी वैमानिकाच्या परवान्यासाठी दहावी उत्तीर्ण आणि सतरा वर्षे पूर्ण एवढे पुरते. म्हणजे आम्हा कला शाखेच्या मुलांनाही दार उघडे आहे! मात्र किमान ४० तास उड्डाण हवे, आणि एका तासाला दहा हजारांच्या वर रुपये मोजावे लागतात. डाळिंबाच्या एका हंगामात तेल्या पडला की आमच्या तालुक्यात असा हिशेब तिथेच थांबतो.

त्यात रेडिओवर बोलण्याची परीक्षा वेगळी. विमानाचे परवाने नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देई, पण ही परीक्षा दूरसंचार विभागाची बिनतारी शाखा घेई. दोन कार्यालये, दोन अर्ज, दोनदा प्रवास. भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या कायद्याच्या जागी आला आणि ही परीक्षाही महासंचालनालयाकडे गेली. माझ्या मते युरोपातल्या नियमाने गरिबाचा खर्च वाढवला, तर या बदलाने त्याचा एक हेलपाटा वाचू शकतो.

राहता राहिली भाषा. परीक्षेत इंग्रजीतून बोलावे लागते, तेही ठरावीक पद्धतीने. 'नाईन'ला 'नाइनर', 'थ्री'ला 'ट्री' म्हणायचे, म्हणजे खरखरीतही आकडा चुकत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला हे पाठ करणे अवघड नाही. अवघड आहे ते परीक्षकापुढे तोंड उघडणे. या परीक्षेची केंद्रे कोल्हापूर, सोलापूर अशा ठिकाणीही ठेवली, तर निदान आदल्या रात्रीची एसटी आणि लॉजचे भाडे तरी वाचेल.