खेळांच्या चित्रफिती आणि मुले : पालकांनी पारख कशी करावी?

चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यातील माजरी हे गाव कोळशाच्या खाणी आणि रेल्वेचे जंक्शन यांमुळे परिचित आहे. वर्धा खोऱ्यातील कोळसापट्ट्यात वसलेल्या या भागाचे दैनंदिन जीवन खाणीच्या पाळ्यांशी बांधलेले आहे. रात्रपाळी करून आलेला कामगार दिवसा झोपतो. त्याची झोप मोडू नये म्हणून घरातील लहान मुलाच्या हाती मोबाइल दिला जातो. मूल शांत बसते, घरही शांत राहते. परंतु त्या पडद्यावर काय चालले आहे, याची कल्पना बहुधा कोणालाच नसते. खाणवस्तीतील ही स्थिती थोड्याफार फरकाने शहरातील चाळीत, शेतमजुराच्या घरी आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातील गावांतही आढळते.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि अभ्यासासाठी म्हणून मोबाइल मुलांच्या हाती आला. पुढे शाळा भरू लागल्या. मोबाइल मात्र सुटला नाही. मुले त्यावर खेळ खेळतात, हे पालक जाणतात. पण मुलांचा बराच वेळ दुसऱ्याने खेळलेला खेळ पाहण्यात जातो, हे अनेकांच्या लक्षात आलेले नसते. एखादा तरुण खेळाडू खेळत असतानाचा पडदा मुद्रित करतो, त्यासोबत अखंड बोलत राहतो आणि ती चित्रफीत यूट्यूबवर ठेवतो. काही जण थेट प्रक्षेपणही करतात. अशी चित्रफीत आपल्या मुलाला योग्य आहे किंवा नाही, हे पालकांनी कसे ठरवावे, हा येथील प्रश्न आहे.

प्रमाणपत्र नसलेले चित्र

चित्रपटगृहात लागणाऱ्या चित्रपटाला १९५२ च्या कायद्यानुसार प्रमाणपत्र घ्यावे लागते. २०२३ च्या दुरुस्तीने त्यात ७, १३ आणि १६ वर्षे अशा वयोमर्यादांची भर पडली. इंटरनेटवरून मालिका व चित्रपट दाखविणाऱ्या संस्थांनाही २०२१ च्या नियमांनुसार वयोगट दर्शवावा लागतो. मोबाइलवरील खेळांच्या दुकानात, म्हणजे प्ले स्टोअरमध्ये, प्रत्येक खेळापुढे ३+, ७+, १२+, १६+ किंवा १८+ अशी खूण असते. मात्र त्याच खेळावर कोणा व्यक्तीने तयार केलेल्या चित्रफितीला असे कोणतेही पूर्वप्रमाणपत्र लागत नाही.

अमेरिकेत मुलांची माहिती पालकांच्या संमतीवाचून गोळा केल्याबद्दल २०१९ मध्ये गूगल व यूट्यूब यांच्यावर १७ कोटी डॉलरची दंडात्मक कारवाई झाली. त्यानंतर जानेवारी २०२० पासून चित्रफीत मुलांसाठी बनविली आहे किंवा नाही, हे निर्मात्याने सांगणे आवश्यक झाले. परंतु हे निर्मात्याचे निवेदन आहे. आशय चांगला असल्याची ती हमी नव्हे. परीक्षकाचे काम शेवटी घरीच करावे लागते.

बंदी आणि तिच्या मर्यादा

सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइल आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर या खेळांवर केंद्र शासनाने बंदी घातली. खेळावर बंदी आली म्हणून त्यावरील सर्व चित्रफिती नाहीशा होतात, असे नाही. गावांनीही आपापल्या परीने उपाय योजले. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजवून दीड तास दूरदर्शन संच व मोबाइल बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी ग्रामसभेने १८ वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापराविरुद्ध ठराव केला. हे प्रयत्न कौतुकास्पद आहेत. भोंग्याने वेळ ठरते, ठरावाने गावाचे मत ठरते. पण उरलेल्या वेळात मुलाने काय पाहावे, हे त्यांपैकी कशानेही ठरत नाही. त्यासाठी पारख लागते.

खेळापेक्षा बोलणाऱ्याकडे लक्ष द्यावे

पालक बहुधा विचारतात, ‘खेळ कोणता आहे?’ हा प्रश्न आवश्यक आहे, पण पुरेसा नाही. माइनक्राफ्ट या खेळाचेच उदाहरण घेता येईल. त्यात खेळाडू ठोकळ्यांच्या जगात खोदकाम करतो, दगड-कोळसा काढतो, कोळसा व काठी यांपासून मशाल बनवितो आणि घरे बांधतो. कोळसा खणणाऱ्यांच्या वस्तीतील मुलाला तो आवडल्यास नवल नाही. या खेळाची एक चित्रफीत पूल कसा बांधावा, हे संथपणे समजावून सांगते. दुसरी चित्रफीत त्याच खेळाची असते. पण तिच्यातील निवेदक ओरडतो, शिव्या देतो, हरणाऱ्याची टिंगल करतो. खेळ एकच, खेळापुढील वयाची खूणही एकच. मुलाच्या मनावर उमटणारा ठसा मात्र निराळा. मूल खेळ पाहते आणि बोलणे उचलते. म्हणून पारख मुख्यतः बोलणाऱ्याची करावयाची आहे.

पाच कसोट्या

पहिली कसोटी खेळाची. प्ले स्टोअरमध्ये खेळाचे नाव शोधून त्यापुढील वयाची खूण पाहावी. खेळच १६+ किंवा १८+ असेल, तर आठ वर्षांच्या मुलाने त्याची चित्रफीत पाहू नये, हे उघड आहे.

दुसरी कसोटी भाषेची. कानातील हेडफोन काढून आवाज सर्वांना ऐकू येईल असा ठेवावा. शिवीगाळ, मुलींविषयी हीन उद्गार, जात, धर्म किंवा प्रांत यांवरून चेष्टा आढळल्यास ती चित्रफीत घरात नको. हिंदी न समजणाऱ्या गोंडी किंवा माडिया भाषिक पालकालाही आवाजातील चढ आणि चेहऱ्यावरील भाव कळतात. शब्दांचा अर्थ घरातील मोठ्या मुलास विचारावा.

तिसरी कसोटी मागणीची. निवेदक प्रेक्षकाकडे काय मागतो? वाहिनीचे सदस्य व्हा, इतके सांगणे वेगळे आणि पैसे पाठवा, खेळातील हिरे विकत घ्या, या दुव्यावर जा, असे सांगणे वेगळे. पगाराचे खाते ज्या मोबाइलला जोडलेले आहे तोच मुलाच्या हाती असतो, हे विसरता कामा नये. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर व त्यांच्या जाहिरातींवर बंदीची तरतूद करणारा अधिनियम संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला आहे. अशा खेळाची भलावण करणारी चित्रफीत तत्काळ बंद करावी.

चौथी कसोटी अनोळखी माणसांची. थेट प्रक्षेपणात बाजूला प्रेक्षकांचे संदेश सरकत असतात. तेथे कोण काय लिहील याचा नेम नसतो. मुलाचे नाव, शाळा, छायाचित्र किंवा दूरध्वनी क्रमांक मागितला जात असेल, तर धोका ओळखावा.

पाचवी कसोटी परिणामाची. चित्रफीत बंद केल्यावर मूल जेवते काय, मित्रांत खेळते काय, वेळेवर झोपते काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील बालकांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या बालकांना दिवसाकाठी एक तासाहून अधिक दाखवू नये.

घरचे प्रमाणपत्र

या कसोट्या लावण्यासाठी पालकाला खेळता येणे आवश्यक नाही. आठवड्यातून एकदा, पाळीच्या सोयीने, पंधरा-वीस मिनिटे मुलाशेजारी बसावे. चित्रफितीचा आरंभ, मध्य व शेवट पाहावा आणि मुलालाच खेळ समजावून सांगण्यास सांगावे. मूल आनंदाने सांगते. त्यातून निवेदकही कळतो आणि मूलही कळते. त्यानंतर चित्रपटाप्रमाणेच तीन निर्णय करता येतात : एकट्याने पाहण्यास योग्य, मोठ्यांसोबत पाहण्यास योग्य आणि अयोग्य. निर्णयाचे कारण मुलाला सांगावे. कारण कळलेले मूल पुढे स्वतः पारख करू लागते.

यूट्यूबमधील पाहिलेल्या चित्रफितींची यादी वेळोवेळी तपासावी, आपोआप पुढील चित्रफीत सुरू होण्याची सोय बंद ठेवावी आणि लहान मुलांसाठी यूट्यूब किड्समध्ये पालकांनी निवडलेल्या वाहिन्याच दिसतील, अशी व्यवस्था करावी. नेटवर्क क्षीण असलेल्या गावांत चित्रफिती उतरवून एका मोबाइलवरून दुसऱ्यावर दिल्या जातात. त्यांची नोंद या यादीत सापडत नाही. तेथे मोबाइलमध्ये साठविलेल्या चित्रफिती पाहाव्यात.

एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. मुलाच्या हातून पैसे गेले किंवा कोणी त्याला धमकावले, तर आधी मारहाण करू नये. मार खाल्लेले मूल पुढच्या वेळी काहीच सांगत नाही, आणि न सांगितलेले संकटच वाढत जाते. आर्थिक फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर तातडीने करता येते. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

शाळा आणि ग्रामपंचायत

पालकसभेत गुणपत्रिकेसोबत हा विषयही घेता येईल. शिक्षकांनी एखादी चित्रफीत दाखवून पाचही कसोट्या प्रत्यक्ष लावून दाखवाव्यात. खाणवस्तीत अशी सभा एकाच वेळी घेतल्यास एका पाळीचे पालक हमखास वंचित राहतात. म्हणून ती दोन वेळा घ्यावी. ग्रामपंचायतीने मैदान, वाचनालय व सायंकाळचा दिवा यांची सोय केल्यास मुलाला मोबाइलवाचूनही विरंगुळा मिळतो. शासन कायदा करील, कंपन्या नियम करतील. परंतु मुलाशेजारी बसून ‘हा काय म्हणतो आहे?’ असे विचारण्याचे काम घरच्या माणसांचेच आहे.