कोरा रकाना म्हणजे उत्तर नव्हे



मुलं पेपरात जागा कोरी सोडतात. उत्तर येत नव्हतं की लिहायचं राहिलं, हे तपासताना कळत नाही. असाच प्रश्न आमदार-खासदार होऊ पाहणाऱ्यांबाबत सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता.

२ मे २००२ च्या निकालात न्यायालयाने सांगितले, की उमेदवाराची माहिती मिळणे हा मतदाराचा हक्क आहे. तेव्हापासून उमेदवारी अर्जासोबत शपथपत्र द्यावे लागते. त्यात गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण असे रकाने असतात.

खोटी माहिती दिली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. मग काहींनी अडचणीचे रकाने कोरेच ठेवले! खोटं लिहिलंच नाही, तर पकडणार कसं?

सप्टेंबर २०१३ मध्ये 'रिसर्जन्स इंडिया' खटल्यात न्यायालयाने ही पळवाट बंद केली. 'निरंक', 'लागू नाही' किंवा 'माहीत नाही' असं काहीतरी लिहायलाच हवं. सूचना देऊनही रकाना कोरा राहिला, तर निवडणूक निर्णय अधिकारी अर्ज फेटाळू शकतो.

आपण शाळेच्या अहवालात 'निरंक' लिहितो ना? तो एक शब्दसुद्धा पुरावा असतो. उद्या चुकीचा निघाला तर जबाब द्यावा लागतो. कोऱ्या जागेला कोण जबाबदार?

उपक्रम : ही शपथपत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली असतात. आपल्या आमदारांचं शपथपत्र घरी मोठ्या मुलांसोबत वाचा. प्रत्येक रकाना भरलाय का, हे मुलांनाच तपासू द्या.